एकमत होईपर्यंत बसायचं

मित्रहो, शांतता-संशोधनाला विद्यापीठांत जागा मिळाली ती अलीकडे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्तुंग यांनी १९५९ मध्ये ऑस्लोत या विषयाची संशोधन संस्था उभी केली. गोळीबार थांबला म्हणजे शांतता आली असं नव्हे, हे त्यांनी अभ्यासकांना पटवून दिलं. त्यांचं ऋण मोठं आहे. पण तंटा मिटवायची विद्या त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव होती. ती तोंडी होती म्हणून आपण तिला ज्ञान मानलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गोंडांचं गाव घ्या. इथली ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला जातो. शिवाय अभ्यासगट वेगळा असतो. तिथं बाहेरचे जाणकार येतात, वाद होतात, कागद वाचले जातात, पण तिथं काही ठरवायचं नाही. ठरवायचं ते ग्रामसभेनं. ही रचना किती विचारानं केली आहे बघा! मतदानात हरलेला माणूस गाव सोडून जात नाही, राग मनात धरून त्याच गल्लीत राहतो. एकमताला वेळ लागतो, पण मागे दुखावलेलं कुणी उरत नाही. याच गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. बंदुकीच्या सावलीतल्या जिल्ह्यात हे घडलं.

पाण्याचंही तसंच. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचं. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत असते. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झळ सगळ्यांना बसते, एकट्यादुकट्याला नाही. पाटकरी पाणी फिरवतो, जागल्या राखण करतो. भांडणाचं कारणच आधी काढून टाकलेलं आहे.

पण जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायला मी इथं उभा नाही. जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकली, म्हणून तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर ‘गचाचा’ ही गावातल्या मोकळ्यावरची न्यायसभा सरकारनं नव्यानं उभी केली. २०१२ पर्यंत तिनं एकोणीस लाखांच्या आसपास खटले चालवले. आपल्या माणसांना कुठं पुरलं, हे अनेकांना तिथंच कळलं. मात्र जिंकून सत्तेवर आलेल्या सैन्याच्या हातून झालेल्या हत्या तिच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. परंपरा सत्तेच्या हाती गेली की असं होतं.

आता आपलं कोल्हापूर. जून २०२३ मध्ये या शहरात हिंदू-मुस्लिम तणाव कसा पेटला, ते तुम्ही पाहिलं आहे. याच शहरात तालमींमध्ये मोहरमचे पंजे बसतात आणि त्यांच्यापुढे हिंदू घरं मानानं येतात. कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतो. २०१८ आणि २०१९ मध्ये मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले. अशा वेळी मिरवणुकीचा रस्ता कोण ठरवतं, कुणाचा मान आधी, कुरबूर झाली तर कुणाचा शब्द चालतो? हे जाणणारी वडीलधारी माणसं आज हयात आहेत. त्यांचं म्हणणं नीट टिपून घेणं हे संशोधनच आहे, आणि त्याला उशीर होतोय.

म्हणून विद्यार्थ्यांकडे माझं मागणं आहे. प्रश्नावली घेऊन जाऊ नका. आधी वर्षभर एखाद्या तालमीच्या किंवा पाणीपुरवठा संस्थेच्या बैठकांना नुसते बसा. लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवा. ते ‘हे छापू नका’ म्हणाले तर छापू नका. आणि त्या बैठकीत बायका होत्या का, दलित वस्तीतलं कुणी बोललं का, हे प्रत्येक वेळी लिहा.