डब्यात भरणारी शाळा

(दृश्य: बागेत उभे असलेले जुने रेल्वेडबे. आतली बाकं, फळा.)

जपानच्या नागानो प्रांतातलं मात्सुकावा गाव. इथल्या बागेत २०१६ पासून हे जुने डबे उभे आहेत. ‘तोत्तोचान’ या पुस्तकातली तोमोए शाळा टोकियोतल्या जियुगाओका भागात होती, आणि तिचे वर्ग असे दिसायचे. सोसाकु कोबायाशी यांनी ती १९३७ साली सुरू केली. वर्ग म्हणून त्यांनी चक्क रेल्वेचे वापरातून गेलेले सहा डबे आणून ठेवले! फाटकाला खांबही नव्हते, दोन जिवंत झाडंच होती, पानांसकट.

कोबायाशी सरांची सगळीच तऱ्हा निराळी. वेळापत्रक नाही. सकाळी बाई दिवसभराच्या सगळ्या विषयांचा अभ्यास फळ्यावर लिहून देत. ज्याला जे आवडेल त्याने तिथून सुरुवात करायची. म्हणजे एकजण गणितं सोडवतोय, आणि त्याच्या मागे दुसऱ्याचा प्रयोग भुसभुस पेटलाय. जेवणाच्या सुट्टीत सर प्रत्येकाच्या डब्यात डोकावणार: समुद्रातलं काही आणलंय का, डोंगरावरचं काही आणलंय का? एखाद्याच्या डब्यात काही कमी असलं की सरांच्या पत्नी आपल्या पातेल्यातून वाढायच्या.

(दृश्य: पुस्तकातली, चित्रकार चिहिरो इवासाकी यांची चित्रं. टोपीतली लहान मुलगी.)

या शाळेत आली तोत्तोचान. पहिलीतच आधीच्या शाळेने नाव काढून टाकलेली पोर. तास चालू असताना डेस्कचं झाकण सारखं उघडायची, मिटायची. खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारायची. ते नसले तर छपराखालच्या पाकोळ्यांशी गप्पा. कोबायाशी सरांनी खुर्ची जवळ ओढली आणि तिला हवं ते बोलायला सांगितलं. ती चार तास बोलली. सरांनी एकदाही जांभई दिली नाही.

आता पाकिटाची गोष्ट. शाळेच्या संडासात तिचं लाडकं पाकीट पडलं. रडत बसणं तिच्या स्वभावात नाही. तिने लांब दांड्याचं एक ओगराळं शोधलं, मागच्या मैल्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि उपसायला सुरुवात केली. ढीग वाढत चालला. तेवढ्यात सर तिथून निघाले होते. काय चाललंय, त्यांनी विचारलं. पाकीट पडलंय, ती म्हणाली. बरं, म्हणाले आणि हात पाठीशी बांधून पुढे गेले. थोड्या वेळाने परत आले, सापडलं का विचारलं, आणि काम झाल्यावर हे सगळं पुन्हा आत टाकशील ना, एवढंच म्हणाले. पाकीट काही सापडलं नाही. पण तिने सगळा ढीग परत टाकीत टाकला. मातीत ओल मुरली होती, म्हणून वरची मातीसुद्धा! ही गोष्ट ऐकणारी मुलं पोट धरून हसतात, कारण पुढे ओरडा बसणार याची त्यांना पक्की खात्री असते, आणि तो बसतच नाही.

(दृश्य: डब्याची चाकं, जवळून.)

आणखी एक डबा येणार अशी बातमी फुटली, तेव्हा शाळेत एकच प्रश्न होता: रूळ नसताना तो येणार कसा? कोणी म्हणे रूळ टाकणार, कोणी काही. सरांना उत्तर माहीत होतं, पण त्यांनी ते सांगितलं नाही. घरून परवानगी आणा, रात्री शाळेत झोपा, आणि स्वतः बघा, म्हणाले. मुलं पांघरुणं घेऊन आली. पहाटे ट्रॅक्टरने ओढलेल्या गाड्यावर डबा आला आणि जाड ओंडक्यांवरून घरंगळत जागेवर बसला. त्या डब्यात मग शाळेचं वाचनालय झालं.

१९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत शाळा जळाली. कोबायाशी सर १९६३ साली गेले.

(दृश्य: पुस्तकाची पानं.)

तोत्तोचान म्हणजे तेत्सुको कुरोयानागी. मोठेपणी त्या जपानी टीव्हीवरच्या नामवंत कलावंत झाल्या, आणि १९८१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. चित्रं त्यासाठी मुद्दाम काढलेली नाहीत. चिहिरो इवासाकी १९७४ मध्येच वारल्या होत्या. त्यांच्या आधीच्या चित्रांतून ती निवडली. मराठीत ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणली, नॅशनल बुक ट्रस्टने छापली. आपल्याकडे हे पुस्तक शिक्षक आणि पालक एकमेकांना भेट देतात. ते तिसरी-चौथीच्या वर्गात मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे, आणि सुरुवात पाकिटापासून करा.