रोग गेला, देवी राहिली

मंडळी, धर्मश्रद्धा येते कुठून? भक्तीतून, भीतीतून की संस्कारातून? हा वाद सुरू झाला की तिघं तीन कोपरे पकडून बसतात. नास्तिकाचं उत्तर भीती, आस्तिकाचं भक्ती, आणि चार पुस्तकं जास्त वाचलेल्याचं संस्कार. दीड तासानं बघावं तर तिघेही जिथल्या तिथं. माझ्या मते घोळ उदाहरणात आहे. ‘धर्म’ हे प्रकरण इतकं अवाढव्य की त्यात ज्याला जो पुरावा हवा तो सापडतो. म्हणून आज सगळा धर्म नको, एकच देवी घेऊ. शीतला.

तीच का, तर तिच्यावर इतिहासानं आपणहून एक प्रयोग करून ठेवलाय. ज्या रोगाच्या धाकानं लोक तिच्यापुढे हात जोडत, तो रोगच पृथ्वीवरून नाहीसा झाला. भारतातला देवीचा, म्हणजे इंग्रजीत स्मॉलपॉक्सचा, शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंज भागात सापडला. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला आणि ८ मे १९८० रोजी सगळं जग. ‘देवीमुक्त’ हा शब्द जरा कानांत धरून ठेवा. रोगाला आणि दैवताला मराठीत एकच नाव आहे. मुलाला ‘देवी आल्या’ म्हणायचं, लस टोचायला सरकारी माणूस आला की तो ‘देवी काढायला’ आला म्हणायचं, आणि चेहऱ्यावर राहत ते ‘देवीचे वण’. आता भीती हेच श्रद्धेचं मूळ असेल, तर १९७५ नंतर शीतलेची देवळं ओस पडायला हवी होती. माहीमचं शीतलादेवीचं देऊळ चालू आहे. चौलचं आहे, केळव्याचं आहे. आणि मे २०२५ मध्ये, म्हणजे शेवटच्या रुग्णाला बरोबर ५० वर्षं होत असताना, मुंबईच्या भुयारी मेट्रोवर तिच्या देवळाच्या नावाचं स्थानक सुरू झालं.

म्हणजे भीतीवाले हरले? इतक्यात नाही. त्यांची बाजू आधी नीट मांडू, कारण ती वाटते त्यापेक्षा भक्कम आहे.

देवी म्हणजे काय होतं ते आज चाळिशीतल्या माणसालाही ठाऊक नाही. संसर्ग झाल्यावर दहा-चौदा दिवस काही कळत नाही. मग जोराचा ताप, कंबरदुखी, आणि दोन-चार दिवसांत पुरळ. कांजिण्यांचे फोड छातीपोटावर जास्त आणि मागेपुढे उठणारे. देवीचे तोंडावर, हातापायांवर, अगदी तळव्यांवरही, आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत. आठवड्याभरात ते पुवानं टच्च भरतात, मग खपल्या धरतात, आणि शेवटची खपली पडेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. लस न टोचलेल्या दहांतले साधारण तीन मरत. वाचलेल्यांतले काही आंधळे होत. औषध नव्हतंच. ज्या आईपुढे तीन आठवडे हे चाललंय आणि जिच्या हातात करण्यासारखं काही नाही, ती काय करेल?

मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर होता. तिथले लोक खाडीच्या उथळ, संथ पाण्यात वनस्पतीचं विष वापरून मासे धरत. मासळी हमखास, धोका नाही. त्या मासेमारीला मंत्रतंत्र काहीच नव्हतं. तेच लोक खुल्या समुद्रावर निघाले की विधींची मोठी रांग लागायची. माणसं तीच, अक्कल तीच. फक्त पाणी बदललं. आपल्याकडे सर्दीपडशाला कुणी नवस बोलत नाही, हे त्यातलंच.

आता नवसाचा हिशेब करू, कारण इथं भीतीचं यंत्र उघडं दिसतं. दहा घरांत देवी आल्या, दहाही आयांनी नवस बोलला. रोगाच्या स्वभावानंच सात मुलं वाचणार. त्या सात जणी ओटी घेऊन, नैवेद्य घेऊन, वाजतगाजत देवळात येतात. उरलेल्या तिघी येत नाहीत. पुढच्या साथीत जिचं मूल तापानं फणफणलंय तिला देवळात काय दिसतं? फेडलेले नवस. न फळलेल्या नवसाची पाटी कुठल्याच देवळात लागत नाही. यात कुणी खोटं बोललेलं नाही, भोंदूबाबाही नाही. नुसत्या हजेरीनं पुरावा तयार झाला.

इथं बरेच वक्ते स्किनर या मानसशास्त्रज्ञाची कबुतरं काढतात, मीही काढतो, पण पूर्ण सांगतो. १९४८ चा प्रयोग. आठ भुकेली कबुतरं, आणि कबुतर काहीही करो, दर १५ सेकंदांनी दाण्याचं भांडं पुढे. आठांपैकी सहांनी स्वतःचा एकेक ‘विधी’ बसवला. एक गोल फिरू लागलं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. एकाचं खाणं बंद केल्यावरही त्यानं ती हालचाल दहा हजारांहून अधिक वेळा केली, मग कुठं सोडली. गोष्ट टाळ्या घेते, आणि इथंच लोक थांबतात. पण १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग या संशोधकांनी हाच प्रयोग बारकाईनं पुन्हा केला. त्यांना दिसलं की दाण्याची वेळ जवळ आली की जवळपास सगळी कबुतरं चोच मारण्यासारखं एकच काहीतरी करतात, म्हणजे जातीचा उपजत स्वभाव. प्रत्येकाची वेगळी अंधश्रद्धा वगैरे फारसं नाही. तेव्हा कबुतरावरून माणसाच्या देवापर्यंत उडी मारताना जरा जपून.

भीतीनं माणूस देवाकडे वळतो याला कबुतरांपेक्षा बरा पुरावा न्यूझीलंडमध्ये मिळाला. तिथं हजारो लोकांना वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारणारी एक पाहणी चालू होती आणि मध्येच, फेब्रुवारी २०११ मध्ये, क्राइस्टचर्चचा भूकंप झाला. देशात एकूण धर्म सोडणारे वाढत होते. ज्यांना भूकंपाची झळ बसली त्यांच्यात मात्र धर्माकडे वळणारे वाढले. भीती आत आणते, हे मान्यच करायला हवं.

पण आत आणलेलं टिकवतं कोण?

घरात देवी आल्या की नियम लागत. दाराला कडुनिंबाचा डहाळा, फोडणी बंद, मांसमच्छी बंद, परक्याला घरात प्रवेश नाही. मूल रोगी नसे, त्याच्या अंगात देवी पाहुणी आलेली असे. तिला थंड ठेवायचं, चिडवायचं नाही. खपल्या पडल्या की स्नान घालून तिची पाठवणी. ‘आपल्या पूर्वजांना विलगीकरण माहीत होतं’ असं यावर कुणीतरी लगेच म्हणतं. अर्धं खरं आहे. परका घरात न घेणं आणि शेवटच्या खपलीपर्यंत थांबणं उपयोगाचंच. पण पूजेसाठी चार बायका जमवणं, त्याच घरातला प्रसाद वाटणं आणि लस टोचणाऱ्यापासून मूल लपवणं, हेही त्याच नियमांच्या पोटातलं. १९७३ ते ७५ च्या मोहिमेत कार्यकर्ते अंगावर देवी आलेल्या मुलाचा फोटो छापलेलं कार्ड घेऊन घरोघर हिंडत ते लपवलेला रुग्ण शोधायलाच. खबर देणाऱ्याला बक्षीस होतं, ते वाढत वाढत शेवटी १००० रुपयांपर्यंत गेलं. टोचायची सुई दोन टोकांची. लशीत बुडवली की थेंब त्या टोकांमध्ये धरून राहायचा, आणि दंडावर एकाच जागी भराभर पंधरा टोचे.

या मोहिमेतून श्रद्धा-विज्ञान वादाला मोठा धडा मिळतो, पण दोन्ही पक्ष तो टाळतात. लोकांनी दंड पुढे केला आणि नैवेद्यही चालू ठेवला. त्यांच्या लेखी दोहोंत भांडण नव्हतं. बंगालात हे फार जुनं आहे. जेनर या इंग्रज डॉक्टरची देवीची लस यायच्या कितीतरी आधी तिथले टिकादार, म्हणजे टोचणारे, देवीच्याच फोडातला द्रव माणसाच्या हातावर टोचत आणि सोबत शीतलेची पूजा करत. हॉलवेल या इंग्रज डॉक्टरनं १७६७ मध्ये लंडनच्या वैद्यांना ते सविस्तर लिहून कळवलं होतं. म्हणजे ‘उपाय मिळाला की देव जातो’ हा समज कागदावरचा.

आता संस्कार. श्रावण शुद्ध सप्तमीला शीतला सप्तमी, बोलीत शिळा सप्तमी. कृती साधी. षष्ठीला संध्याकाळी स्वयंपाक करून ठेवायचा. रात्री चूल शांत करून सारवायची, हळदकुंकू वाहायचं. सप्तमीला चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी शिळं खायचं. चूल गेली, गॅस आला, तरी ओटा पुसून शेगडीला हळदकुंकू लागतं आणि दिवसभर बटणाला हात लागत नाही. आता त्या घरातल्या बाईला विचारा, हे कशासाठी? देवीच्या रोगाचं नाव बहुधा निघणारच नाही. आणि त्या दिवशीची कहाणी वाचा, तिच्यातही रोग नाही! राजानं तळं बांधलं, पाणी लागेना, जळदेवतांनी सुनेच्या मुलाचा बळी मागितला, आणि पुढे सुनेच्या व्रतामुळे मूल परत मिळालं. भीती आहे, मूल जाण्याचीच आहे, पण फोडाचा शब्द नाही. रोगाचं नाव गळून पडलं आणि शिळा भात तेवढा राहिला.

इथं मूल काय शिकतं? शब्द नव्हे. हेनरिक या अभ्यासकानं २००९ मध्ये मांडलेली कल्पना इथं फार कामाची आहे: पोराला बोलणं पटत नाही, मोठ्यांनी झळ सोसून केलेलं पटतं. ‘देव आहे’ असं दहादा सांगणाऱ्या बापापेक्षा न बोलता उपास धरणारी आई भारी पडते. संस्कारवर्ग काढणाऱ्यांचं नेमकं इथं चुकतं. तिथं पाठांतर होतं, पण पोरानं कुणाला काही सोसताना पाहिलेलं नसतं.

शब्दांतही एक गंमत आहे. हॅरिस या मानसशास्त्रज्ञानं लहान मुलांना न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल विचारलं: जंतू, प्राणवायू, देव. मुलं जंतूंबद्दल देवापेक्षा जास्त ठाम निघाली. दोन्ही अदृश्य, दोन्ही मोठ्यांकडून ऐकलेले. मग फरक कशानं? त्याचा अंदाज असा की मोठी माणसं ‘माझा देवावर विश्वास आहे’ म्हणतात. ‘माझा जंतूंवर विश्वास आहे’ असं आपण कधी म्हणतो का? हात धू, एवढंच म्हणतो. विश्वासाचा उच्चार झाला की मुलाला कळतं, इथं न मानणारेही असतात.

संस्काराची मर्यादाही आकड्यांत दिसते. अमेरिकेतल्या मिनेसोटात जुळ्या भावांवर झालेल्या, २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात लहानपणच्या धार्मिकतेतल्या फरकाचा निम्म्याहून जास्त वाटा घराच्या वातावरणाचा निघाला. तिशीत तो पाचव्या हिश्श्याच्याही खाली आला आणि उपजत कलाचा वाटा वाढला. घर साचा देतं. पुढे माणूस त्यात मावतो की नाही हे घराच्या हातात राहत नाही.

राहिली भक्ती. ती मोजता येत नाही, पण ओळखायची एक खूण परंपरेनंच दिलीय. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे संकटात सापडलेला. म्हणजे भीतीतून आलेला भक्त गीतेला ठाऊक आहे, आणि तिनं त्याला हाकललेलं नाही, त्यालाही सुकृतीच, म्हणजे पुण्यवानच, म्हटलंय. नास्तिकानं ‘हे भीतीतून आलंय’ म्हणून सांगितलं तर त्यात आस्तिकानं चिडण्यासारखं काही नाही. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या चौघांत ‘घरात करतात म्हणून करणारा’ नाही. आज देवळाच्या रांगेत सगळ्यात मोठी संख्या ज्याची, त्याला यादीत जागाच नाही! तो गृहीतच धरला असणार, नाहीतर त्याला भक्त म्हणायची गरज वाटली नसणार. मला दुसरं कारण जास्त पटतं.

खूण अशी की मागणं संपल्यावर काय उरतं ते पाहायचं. तुकोबांनी नवसावर कोरडे ओढले ते याचसाठी. नवस फळला नाही की देव बदलणारा भीतीचा. फळला नाही तर ‘काहीतरी शिवाशिव झाली असेल’ म्हणून विधी पुन्हा करणारा संस्काराचा. आणि फळला काय न फळला काय, ज्याचं जाणं-येणं तेच राहतं त्याला भक्त म्हणावं. मात्र ही परीक्षा दुसऱ्यावर लावायला जाल तर फसाल. बाहेरून दुसरा आणि तिसरा अगदी सारखे दिसतात, आणि एकच बाई तापाच्या रात्री पहिली, सप्तमीला दुसरी आणि एखाद्या पहाटे तिसरी असू शकते.

कोरोनादेवीचं काय, हा प्रश्न इथं येणारच, म्हणून तोही घेऊ. मे २०२१ मध्ये कोइमतूरजवळ एका मठानं कोरोनादेवीची मूर्ती बसवून ४८ दिवसांची पूजा सुरू केली. त्याच शहरात प्लेग मरिअम्मन या देवीचं जुनं देऊळ आहे, त्यामुळे ही काही अचानक सुचलेली खूळचट कल्पना नव्हती. साथ आली की देवी बसवायची हा तिथला पाठ होता. भीती तर जगभर होती, त्या वर्षी तिचा तुटवडा नव्हता. पण नव्या देवीला तिथी नव्हती, कहाणी नव्हती, आणि तिच्या नावानं एक दिवस शिळं खाल्लेलं एकही पोर तोवर मोठं झालेलं नव्हतं.