भोसरीचा बोल्ट आणि युरोपचा कर

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय, कार्बनची किंमत. कोळसा जाळणारा नफा घेऊन जातो, धूर मात्र सगळ्यांच्या वाट्याला. तो धूर टनात मोजायचा आणि टनामागे पैसे लावायचे, एवढीच कल्पना. स्वीडननं ती १९९१ मध्येच आणली. आता युरोप बाहेरून येणाऱ्या पोलादी मालावरही धुराची अशीच किंमत लावतो. पण मला सांगायचंय ते भोसरीचं.

माझे एक स्नेही भोसरी एमआयडीसीत नट-बोल्ट करतात. लहानशी शेड, माल जर्मनीला. (तिथं जायचं म्हणजे नाशिक फाटा! पूल वाढवले की गाड्याच वाढतात, हे माझं जुनंच रडगाणं. असो.) तर गिऱ्हाइकाची एक एक्सेल शीट आली. एका टन बोल्टमागे तुमचा कार्बन किती? मालक म्हणाले, "अहो, आमच्याकडे चिमणी तरी आहे का?" ऑफिसातली मुलगी हुशार. तिनं वायर रॉडचं, म्हणजे बोल्टच्या कच्च्या तारेचं, टेस्ट सर्टिफिकेट काढलं, त्यात 'कार्बन ०.३५ टक्के' दिसलं, तेच ठोकून दिलं. दोन दिवसांत उत्तर आलं: हा पोलादातला कार्बन झाला, आम्हाला धुरातला हवाय!

मग फोनाफोनी. तारेचा व्यापारी वैतागून म्हणाला, "शेठ, तुम्हाला माल हवाय की धूर?" पण खरी मेख तिथंच होती. बोल्टचा बहुतेक धूर भोसरीत निघतच नाही, तो पोलाद करताना मिलमध्ये निघतो. आपल्याकडे टनभर पोलादामागे साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड. भंगार वितळवून केलेलं असेल तर बरंच कमी.

या चौकशीत विजेचं बिलही निघालं. रविवारी शेड बंद असताना कॉम्प्रेसरच्या लाइनीतून फुस्स आवाज येत होता. गळती काढली, बिल उतरलं. युरोपच्या करात त्याचा फायदा शून्य, कारण पोलादी मालाला तिथं विजेचा धूर धरत नाहीत. तरी मालक खूश!

या करासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून युरोपला नुसती माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून जाणाऱ्या मालावर पैसे. भरणार तिथला आयातदार, पण भाव पाडून मागणार तो आपल्याकडेच. आता नीट ऐका: हा पैसा जातो युरोपच्या तिजोरीत. पुन्हा सांगतो, युरोपच्या. हीच किंमत आपण इथं घेतली, तर तिकडे तेवढी वजावट मिळते आणि पैसा घरात राहतो. आपल्याकडे कोळशावर उपकर होताच, २०१० मध्ये टनामागे ५० रुपये, २०१६ मध्ये ४००. पुढं तो जीएसटीमुळे राज्यांना आलेली तूट भरून द्यायच्या उपकरात गेला, आणि २०२५ मध्ये रद्दच झाला.

तोटा? इंधन-वीज महागते आणि झळ गरिबाला जास्त. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये इंधनाच्या करावरून लोक पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर उतरले. म्हणून वसूल केलेला पैसा गॅसच्या सबसिडीसारखा थेट खात्यात जमा व्हावा, असं मला वाटतं. कॅनडानं तसं केलं, तरी लोक चिडलेलेच राहिले आणि एप्रिल २०२५ मध्ये सामान्य ग्राहकावरचा कर उठला. पंपावरचा भाव रोज दिसतो, खात्यातला परतावा कोण बघतं?

तुमच्यापैकी कोणाचा माल युरोपला जात असेल, तर मिलकडून टेस्ट सर्टिफिकेटसोबत धुराचा आकडाही लेखी मागून घ्या. तो नसला, तर युरोप स्वतःचा ठरलेला आकडा धरतो, आणि तो चढाच असतो. नमस्कार.