कुऱ्हाड उचलण्यापूर्वीचा हिशोब

नमस्कार श्रोतेहो.

ब्राझीलमध्ये, अॅमेझॉनच्या खोऱ्यात गुरांची मोठमोठी कुरणं आहेत. नजर जाईल तिथवर गवत आणि त्या गवतात मधेच एखादं चाळीस मीटर उंचीचं, सरळसोट, एकटं झाड. हे ब्राझील नटचं झाड. भोवतालचं सगळं रान गेलं आणि हे उरलं, कारण ते तोडायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. जमीनमालकाने कायदा अगदी पाळलाय. पण या झाडाच्या फुलाचं झाकण इतकं घट्ट असतं, की अंगाने दणकट अशा मोठ्या मधमाश्याच ते उचलून आत शिरू शकतात. त्या मधमाश्या रानात राहतात. त्याचं फळ नारळासारखं टणक. ते कुरतडून बिया जमिनीत पुरून ठेवणारा अगूटी नावाचा सशाएवढा प्राणी, तोही रानातलाच. त्यामुळे कुरणातल्या या झाडाला फळ धरतं ते जेमतेम, खाली रोप उगवत नाही आणि कुरणासाठी लावलेली आग दरवेळी त्याचा बुंधा भाजून काढते. झाड उभं आहे, पण त्याचा वंश तिथेच थांबलाय.

वनकायद्यांचा शेतकऱ्याच्या वागण्यावर परिणाम होतो का, उष्ण कटिबंधातली जंगलतोड त्यांनी थांबते का, असा प्रश्न निघाला की मला हे झाड आठवतं. परिणाम होतो. तो कुठे होईल हे मात्र कायद्यात काय लिहिलंय, यापेक्षा कुऱ्हाड उचलण्यापूर्वी शेतकरी मनात जो हिशोब मांडतो त्यावर ठरतं.

आधी हे लक्षात घेऊ, की बराच काळ कायद्यानेच जंगल तोडायला लावलं. आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ म्हणतात. लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत प्रत्यक्षात ‘तोडेल त्याची जमीन’ असा न्याय होता. झाडं पाडली, गवत पेरलं, चार गुरं सोडली, की जमीन ‘सुधारली’ असं सरकार मानायचं आणि मालकीचा दावा भक्कम व्हायचा. उभं जंगल म्हणजे पडीक जमीन. ती तशीच ठेवणाऱ्याकडून उद्या दुसरा कोणी बळकावणार. अशा ठिकाणी झाड राखणारा माणूस स्वतःचंच नुकसान करून घेत होता. त्याला दोष कसा द्यायचा?

घानामधल्या कोको उत्पादकांची गोष्ट तर मला फार अस्वस्थ करते. तिथे आपोआप उगवलेल्या इमारती लाकडाच्या झाडांवर मालकी शेतकऱ्याची नसते, ती शासनाकडे असते. परवाना घेतलेला ठेकेदार येतो, शेतातलं झाड पाडतो, ते पडताना खालची कोकोची झाडं मोडतात आणि पुरेशी भरपाई मिळतेच असं नाही. मग शेतकरी काय करतो? कोकोच्या ओळींत एखादं चांगलं रोप वर येताना दिसलं, की कोवळं असतानाच ते उपटून टाकतो. कोकोला सावली हवी असते, हे त्याला कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळतं. तरी उपटतो. झाडांवर सरकारचा ताबा ठेवणाऱ्या या नियमाने शेतातलं पुढच्या पिढीचं झाडच गेलं.

आता पुन्हा ब्राझील, कारण कायद्याची ताकद आणि दुबळेपण दोन्ही तिथे उघड दिसतं. तिथला वनकायदा 1965चा. अॅमेझॉनच्या जंगलात खाजगी जमिनीचा निम्मा भाग जंगल म्हणून राखायचा, अशी त्यात अट होती. 1996मध्ये ती 80 टक्क्यांवर नेली. जगातल्या फारच कडक अटींपैकी ही एक. तरीही 2004 या एका वर्षात तिथलं 27,000 चौरस किलोमीटरहून जास्त जंगल तुटलं. त्यानंतर आठ वर्षांत, 2012 साली, हा आकडा 4,600च्या आसपास आला. अट तीच, 80 टक्क्यांची. मग बदललं काय?

तोड दिसायला लागली. 2004पासून तिथल्या अवकाश संशोधन संस्थेने उपग्रहाच्या चित्रांवरून तोडीची जवळजवळ तत्काळ सूचना द्यायला सुरुवात केली आणि वनरक्षक त्या जागी पोहोचू लागले. दंड लागला, यंत्रं जप्त झाली. यातला एक बारकावा सांगण्यासारखा आहे. सुरुवातीला ही यंत्रणा 25 हेक्टरपेक्षा मोठीच तोड टिपायची. झालं, पुढच्या काळात एकूण तोडीत लहान लहान तुकड्यांचा वाटा वाढत गेला. माणसं कायद्याचं पुस्तक वाचत नसतील, पण पकडलं कोण जातंय हे नेमकं वाचतात.

दुसरा बदल बँकेतून आला. 2008पासून अॅमेझॉनच्या जंगलपट्ट्यात सरकारी नियमाखालचं शेतीकर्ज हवं असेल, तर पर्यावरणाचे नियम पाळल्याची कागदपत्रं द्यावी लागू लागली. दंड वर्षानुवर्षं न भरता राहता येतं, पण हंगामाच्या तोंडावर कर्ज अडलं तर गळ्याशी येतं. या नियमाचा परिणाम मुख्यतः गुरं पाळणाऱ्यांच्या भागात दिसला, कारण त्यांची तोड कर्जावर चालत होती. त्याच वर्षी सर्वाधिक तोड होणाऱ्या 36 तालुक्यांसारख्या प्रशासकीय विभागांची यादी सरकारने जाहीर केली. यादीत नाव आलं की पूर्ण भागावर निर्बंध, म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळणार. त्यामुळे शेजारी शेजाऱ्याला जाब विचारू लागला. पॅरागोमिनास हा भाग 2010मध्ये या यादीतून सर्वांत आधी बाहेर पडला. शिवाय 2006मध्ये सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांनीही नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा माल घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. हा कायदा नव्हता, पण बाजाराची दारं बंद होणं हे शेतकऱ्याला लगेच कळतं.

म्हणून मला मनापासून वाटतं, की ‘कायद्याने काही होत नाही’ हे म्हणणं खोटं आहे. वनरक्षकांचे हात ढिले पडले तेव्हा, 2021 साली, अॅमेझॉनमधल्या वर्षाच्या तोडीचा आकडा पुन्हा 13,000 चौरस किलोमीटरवर गेला, आणि पकड घट्ट झाल्यावर 2024मध्ये तो निम्म्याखाली आला.

एक गोष्ट मात्र टोचते. कायद्याची हद्द संपते तिथे तोड सरकते. पॅराग्वेने 2004मध्ये देशाच्या पूर्व भागातल्या जंगलाचं रूपांतर करायला बंदी घातली. तिथली तोड खरोखर खूप घटली आणि पश्चिमेकडे, चाको नावाच्या कोरड्या रानात, गुरांसाठी बुलडोझर फिरू लागले. ब्राझीलमध्येही अॅमेझॉनच्या शेजारच्या सेराडो या माळरानात, त्याच्या बहुतेक भागात, मालकाने फक्त 20 टक्के राखलं तरी पुरतं. 2023मध्ये तिथली तोड अॅमेझॉनपेक्षा जास्त होती. त्यातली कितीतरी परवानगीनिशी, नियमात बसणारी.

कोस्टारिकाने वेगळी वाट धरली. 1996च्या कायद्याने जंगलाचा वापर बदलायला मनाई केली आणि त्याच कायद्याने जंगल राखणाऱ्या मालकाला पैसे द्यायची सोयही केली. ते पैसे येतात इंधनावरच्या करातून. तिथली तोड आधीच ओसरायला लागली होती, कारण गोमांसाचा धंदा बसला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण परत आलेलं रान टिकलं, आज देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर जंगल आहे. बंदीच्या बरोबरीने आपल्या नावाचे पैसेही येतात म्हटल्यावर शेतकऱ्याच्या हिशोबात जंगलाच्या बाजूला प्रथमच काहीतरी जमा झालं.

याउलट ब्राझीलने 2012मध्ये नवा वनकायदा केला, तेव्हा 22 जुलै 2008पूर्वीच्या बेकायदा तोडीला मोठ्या प्रमाणात माफी दिली. ज्याने तोडलं त्याला गुरांचं उत्पन्न मिळालं आणि नंतर माफीही. शेजारच्या ज्या माणसाने इतकी वर्षं आपलं रान अटीप्रमाणे सांभाळलं, त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल, हे मी पुष्कळदा मनात आणून पाहतो. पुढची माफी कधी होणार, असं त्याने कुंपणापलीकडे विचारलं असेल, तर त्याला उत्तर काय द्यायचं?