हबमधले गिअर: संशय आत, दुखणं बाहेर

नमस्कार, श्रोतेहो.

रोज सायकलने कामावर जाणाऱ्याच्या मागण्या साध्या असतात. चढावर दम निघू नये, सपाटीवर वेळ मोडू नये आणि चिखलापाण्यातून आल्यावर सुट्टीचा दिवस चेन खरवडण्यात जाऊ नये. अशांसाठी मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे आरे जिथे येऊन मिळतात त्या मधल्या भागातच, गिअर बसवलेली सायकल शंभराहून अधिक वर्षं मिळते आहे. लांबून ती बिनगिअरचीच वाटते. पुढे एक दातेरी चक्र, मागे एक, दोन्हींवरून सरळ गेलेली चेन. हब तेवढा गुटगुटीत, आणि त्याच्या टोकाशी एक केबल येऊन जोडलेली. बाकी सगळा कारभार आत.

हा कारभार दिसत नाही, हीच तर पंचाईत आहे. गिअर सटकला, पाय एकदम रिकामा फिरला, की मालक म्हणतो, आतले दाते गेले. दुकानदाराने असा हब कधी उघडलेला नसेल तर तोही मान डोलावतो. मग चाकच बदला, नाहीतर डिरेलर, म्हणजे चेनला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा बाहेरचा गिअर, लावून घ्या, इथवर गोष्ट जाते. खरं तर बहुतेक वेळा दुखणं आत नसतंच. केबल मिलिमीटरभर ढिली असते, एखादा वॉशर उलटा बसलेला असतो, नाहीतर चेन नको तेवढी ताणलेली असते. म्हणून आज मी मुख्यतः या बाहेरच्या गोष्टींबद्दल बोलणार आहे. पण आत काय चालतं ते थोडं कळलं की बाहेरचं लवकर उमगतं, तेव्हा आधी आत डोकावू.

सर्वांत गाजलेला नमुना घेऊ. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने तीन गिअरचा हब १९०२ मध्ये आणला, आणि १९३६ मध्ये तिचा एडब्ल्यू हा हब आला. २००० मध्ये ही कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली, तरी तीन गिअरचे हब निघतच राहिले. एडब्ल्यूच्या आसावर २० दात्यांचं एक चक्र पक्कं बसवलेलं असतं. ते फिरत नाही; त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती २० दात्यांची छोटी ग्रहचक्रं, एका पिंजऱ्यात अडकवलेली. आणि या सगळ्यांना वेढणारं मोठं कडं, त्याला आतल्या बाजूने ६० दाते. चेनची ताकद पिंजऱ्याला दिली आणि कड्याकडून हब फिरवून घेतला, तर पायाच्या जोरावर पिंजरा तीन फेरे फिरेपर्यंत कडं चार फिरतं. हा झाला वेगाचा गिअर. उलट केलं, म्हणजे ताकद कड्याला दिली आणि हब पिंजऱ्याला जोडला, की चाराला तीन फेरे मिळतात, हा चढाचा. मधल्या, म्हणजे थेट गिअरमध्ये ताकद कड्यातून सरळ हबला जाते, ग्रह नुसते फिरत राहतात, भार घेत नाहीत. या सगळ्यात केबलचं काम एकच: आतला क्लच, म्हणजे ताकद कोणत्या भागाला द्यायची ते ठरवणारा तुकडा, आसाच्या लांबीवर थोडासा सरकवायचा. थोडासाच. पुढच्या निम्म्या तक्रारी या ‘थोडासा’मधून येतात.

पुढचे सगळे दातेरी हब म्हणजे याच कल्पनेचा विस्तार. जपानच्या शिमानोच्या नेक्सस आठ या आठ गिअरच्या हबमध्ये सर्वांत वरचा गिअर सर्वांत खालच्याच्या तिपटीहून थोडा जास्त पडतो. जर्मनीच्या रोलॉफने १९९८ मध्ये आणलेल्या चौदा गिअरच्या हबमध्ये हे प्रमाण सव्वापाचपटीच्या आसपास जातं. रोजच्या शहरी रस्त्याला तीन पुरतात, चढउतार असतील तर सात-आठ. चौदा गिअर म्हणजे सामान लादून डोंगर ओलांडणाऱ्यांचं काम, असं माझं मत.

आता चालवणं. डिरेलरची सवय झालेल्या पायांना इथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. तिथे गिअर बदलायला पायडल मारत राहावं लागतं. इथे बदलताना पाय हलका करायचा, क्षणभर थांबवलात तरी उत्तम. लिव्हर सरकवा, आतला क्लच जागेवर जाऊ द्या, मग जोर लावा. या पद्धतीचा मोठा फायदा गर्दीत कळतो. सिग्नलला करकचून थांबावं लागलं, सायकल वरच्या गिअरमध्येच राहिली, तरी उभ्या उभ्या खालचा गिअर टाकता येतो. रोज पंधरा-वीस ठिकाणी थांबणाऱ्याला ही एकच सोय हबगिअरकडे वळवायला पुरेशी आहे.

मात्र चढावर उभं राहून, सगळं वजन पायडलवर टाकून लिव्हर ओढू नका. क्लच अर्धवट अडकलेला असताना भार आला की त्याच्या आणि समोरच्या भागाच्या कडा गोल होत जातात. असं महिनोन् महिने चाललं, तर मात्र दुखणं खरंच आत शिरतं. चढ दिसला की आधीच गिअर टाकावा. अगदी अडलंच तर अर्ध्या फेऱ्यापुरता पाय सैल सोडावा, सायकल तेवढ्यात काही थांबत नाही.

आवाजाबद्दल तर रेडिओवर बोलायलाच हवं. एडब्ल्यू हब दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये पायडल मारतानाही टिकटिक करतो, आणि पहिल्यात गप्प होतो. नवखा माणूस घाबरतो. आत स्प्रिंगवर बसवलेल्या खिट्ट्या असतात. वरच्या दोन गिअरमध्ये हब पिंजऱ्यापेक्षा वेगाने फिरतो, आणि पिंजऱ्याच्या खिट्ट्या त्यावरून घसरत जातात, त्यांचा हा आवाज. हब निरोगी असल्याचीच ती खूण. रोलॉफचे पहिले सात गिअर वरच्या सातांपेक्षा जास्त गुरगुरतात, तेही तसंच. नियमित टिकटिकीची काळजी नको. काळजी करायची ती अचानक येणाऱ्या ‘खट्ट’ आवाजाची, आणि त्यासोबत पाय रिकामा जाण्याची.

हा पाय रिकामा जाणं म्हणजे काय, ते जुन्या एडब्ल्यूवर चांगलं कळतं. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक मोकळी जागा आहे. क्लच तिथे अडकला तर पायडल सरळ पुढे पडतं, मागे काहीच लागत नाही. उभं राहून जोर लावणारा माणूस अशा वेळी पुढच्या दांडीवर आदळतो. विनोद नाही, जबर लागू शकतं. नंतरच्या नमुन्यांत ही मोकळी जागा काढून टाकली आहे, पण जुने हब अजून भरपूर फिरत आहेत. आणि क्लच तिथे अडकतो कशामुळे? जवळजवळ नेहमीच केबलच्या चुकीच्या ताणामुळे.

तेव्हा केबल. हे काम घरी, हातांनी, दोन-चार मिनिटांत होतं. एडब्ल्यूमध्ये उजव्या बाजूला आसाच्या टोकातून एक बारीक साखळी बाहेर येते, तिला केबल जोडलेली असते. केबल सोडून ही साखळी हाताने आत पूर्ण फिरवून घ्या, मग केबलच्या दिशेत येण्यापुरती मागे, जास्तीत जास्त अर्धा फेरा. केबल जोडा आणि लिव्हर दुसऱ्या गिअरवर ठेवा. आता उजव्या नटला जे भोक असतं त्यातून वाकून बघा. आत साखळीला जोडलेली दांडी दिसते. त्या दांडीचा काठ आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत हवा. बाहेर आला असेल तर केबल जास्त ताणलेली आहे, आत गेला असेल तर ढिली. केबलच्या टोकाची नळी एक-दोन फेरे फिरवली की काठ जुळतो, मग नळीला जागेवर धरणारा लॉकनट घट्ट करायचा. एकदा तिन्ही गिअर टाकून, परत दुसऱ्यावर येऊन पुन्हा बघा. केबल जुनी असेल तर काठ थोडा हललेला सापडेल.

नेक्ससच्या सात आणि आठ गिअरच्या हबला ही कसरत नाही. लिव्हर चौथ्या गिअरवर ठेवायची आणि हबच्या टोकाशी, चेनच्या बाजूला, दोन रंगीत खुणा शोधायच्या. त्या एका रेषेत आल्या की झालं. नसतील तर हँडलजवळची नळी फिरवून आणायच्या. तीन गिअरच्या नेक्ससला हेच दुसऱ्या गिअरवर करतात. नव्या केबलला पहिल्या काही आठवड्यांत ताण बसतो, त्यामुळे नव्या सायकलचे गिअर महिनाभरातच सटकू लागले तर सायकलला दोष देण्याआधी या खुणा पाहाव्यात. आणि केबल स्वतःच गंजून आवरणात अडकत असेल, तर कितीही नळ्या फिरवा, उपयोग नाही. तिथे नवी केबल घालायची, आवरणासकट.

चेनकडे वळू. मागे डिरेलरचा हात नसल्यामुळे ढील आपोआप ओढला जात नाही. चेनच्या खालच्या रांगेत मध्यावर बोट लावून वर-खाली हलवा. साधारण सेंटिमीटरभर हलली पाहिजे. क्रँक हळूहळू फिरवत सगळीकडे तपासा, कारण पुढचं चक्र क्वचितच अगदी गोल बसलेलं असतं. जिथे चेन सर्वांत घट्ट होते तिथे हा सेंटिमीटर मिळायला हवा. तारेसारखी ताणलेली चेन कमी ताणलेल्यापेक्षा वाईट, कारण तिचा सारा भार बेअरिंगवर जातो. मागच्या चिमट्याच्या, म्हणजे फ्रेमच्या ज्या टोकांत आस बसतो त्यांच्या, खाचा आडव्या असतील तर नट सैल करून चाक मागे ओढतात. उभ्या असतील तर चेन ताणून धरणारा वेगळा टेन्शनर लागतो. चाक हललं की केबलचाही ताण बदलू शकतो, म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी चेन, मग केबल. बरेच जण उलट करतात आणि मग गिअर पुन्हा का सटकतो म्हणून डोकं धरून बसतात. चेन सरळ धावते, त्यामुळे झिजतेही सावकाश. शक्य असेल तर पूर्ण चेनकव्हर लावावं. मग पावसाळासुद्धा तिला फारसा शिवत नाही.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ती. आसावर नटखाली एक दाता असलेला वॉशर असतो, तो चिमट्याच्या खाचेत बसतो. दिसायला किरकोळ. पण सूर्यचक्र आसाला पक्कं जोडलेलं आहे, म्हणून थेट गिअर सोडून बाकी सर्व गिअरमध्ये पायाचा जोर आसालाच फिरवू पाहतो. त्याला धरून ठेवतो तो हा वॉशर. तो हरवला किंवा उलटा बसला, की आस थोडा थोडा फिरतो, केबलचा ताण बदलतो, आणि काल नीट लावलेले गिअर आज बिघडतात. शिमानोचे वॉशर डाव्या-उजव्या बाजूसाठी आणि खाचेच्या कोनाप्रमाणे वेगळे असतात, रंगाने ओळखू येतात. पंक्चरच्या दुकानात चाक काढलं असेल तर घरी आल्यावर एकदा वाकून बघा. रोगाचं मूळ बहुधा तिथेच सापडेल.

पंक्चरसाठी तसं चाक काढायची गरजच पडत नाही. खिळा कुठे घुसला हे दिसत असेल तर चेनच्या विरुद्ध बाजूने टायरची कड रीमवरून उतरवायची, तेवढाच ट्यूबचा भाग बाहेर ओढायचा, ठिगळ लावायचं आणि परत आत. चाक काढायचंच झालं तर आधी केबल सर्वांत ढिली होईल तो गिअर टाकायचा: एडब्ल्यूमध्ये तिसरा, नेक्सस आठमध्ये पहिला. अनेक हबच्या नटांना पंधरा मिलिमीटरचा पाना लागतो. तो पिशवीत नसेल तर बाकी सगळी हत्यारं असून नसल्यासारखी.

तेलपाण्याचं थोडक्यात. जुन्या स्टर्मी-आर्चरच्या हबला वर तेलाचं छोटं झाकण असतं, त्यातून महिन्या-दोन महिन्यांनी हलक्या तेलाचे काही थेंब सोडायचे. वाळून चिकट होणारं तेल नको. खिट्ट्या त्यात चिकटतात. नव्या हबना झाकण नसतं, आत ग्रीस असतं. नेक्सस आठसाठी शिमानो पहिल्या १००० किलोमीटरनंतर आणि पुढे दर दोन वर्षांनी, जास्त वापर असेल तर दर ५००० किलोमीटरला, आतला भाग काढून तेलात बुडवायला सांगते. रोलॉफचं तेल ५००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलतात. आणि जोराच्या फवाऱ्याने हब धुऊ नका. सीलमधून पाणी आत शिरतं, नंतर बाहेर यायचा मार्ग त्याला सापडत नाही.

सायकल घेतानाच एक गोष्ट दुकानात ठरवून घेता येते: मागच्या चक्राचे दाते. सपाटीवर तुमचा नेहमीचा वेग थेट गिअरमध्ये पडेल असं चक्र निवडा. नेक्सस आठमध्ये हा पाचवा, एडब्ल्यूमध्ये दुसरा. थेट गिअरमध्ये ताकद सर्वांत कमी वाया जाते. चढ सोपा व्हावा म्हणून मागे फार मोठं चक्र लावण्याचा मोह मात्र आवरा. पुढचे दाते मागच्यांच्या साधारण दुप्पट असावेत. त्याहून बरंच खाली गेलं तर हबवर जो जोर येतो तो त्याच्या बेताबाहेरचा असतो.

हबगिअर जड असतो, डिरेलरपेक्षा थोडी ताकद जास्त खातो, हे खरं आहे. शर्यतीला तो क्वचितच कोणी नेतं. पण केबल, चेन आणि वॉशर तपासूनही एकाच गिअरमध्ये, जोर लावल्यावर सटकणं चालूच राहिलं, तर मग हब उघडायला हरकत नाही. नेक्ससचा सगळा आतला संच एकसंध बाहेर येतो आणि त्या जागी नवा बसवता येतो. हबचं कवच तेच राहतं, त्यामुळे आरे सोडून चाक नव्याने विणावं लागत नाही. जवळचा मेकॅनिक पूर्ण चाक बदलायला सांगत असेल, तर आधी त्याला हे विचारून बघा. नमस्कार.