शाळेतल्या झाडाचा मे महिना

नमस्कार, श्रोतेहो.

झाडं लावण्याविषयीची भाषणं सहसा जुलैमध्ये होतात. १९५० साली तेव्हाचे केंद्रीय अन्न आणि शेतीमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाला सुरुवात केली आणि जुलैचा पहिला आठवडा झाडांच्या नावे झाला. मी मात्र हा विषय आज, एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळा चालू असताना काढते आहे. शाळेच्या आवारात लावलेलं रोप जगणार की नाही, हे लावण्याच्या दिवशी कळत नाही. ते कळतं मे महिन्यात.

शाळेला सुट्टी लागते. मुलं मामाच्या गावाला जातात, गुरुजी आणि बाई आपापल्या गावी जातात, फाटकाला कुलूप लागतं. जुलैत लावलेलं रोप तेव्हा जेमतेम दहा महिन्यांचं असतं. त्याची मुळं अजून वरच्या हातभर मातीतच असतात आणि नेमकी तीच माती उन्हानं कोरडीठाक होते. पाच-सहा आठवडे पाण्याचा थेंब नाही, त्यात कुंपणाच्या भगदाडातून शेळ्या आत शिरतात. जूनमध्ये शाळा भरते तेव्हा आळ्यात एक वाळकी काडी उभी असते. मग पुन्हा जुलै येतो, त्याच खड्ड्यात नवं रोप लागतं, पुन्हा फोटो निघतो.

हे कितीतरी गावांत घडतं आणि मला त्याचं मनापासून दुःख होतं. रोप वाया गेलं ते गेलंच. पण ज्या पोरानं आपल्या हातानं त्या खड्ड्यात माती लोटली होती, तेच जूनमध्ये येऊन ती काडी बघतं. आपण लावलेलं मरतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, एवढंच ते त्या दिवशी शिकून घरी जातं.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या मंडळींना माझी पहिली विनंती अशी की, मे महिन्यातल्या पाण्याची सोय झाली नसेल तर शंभर खड्डे घेऊ नका, पाच घ्या. आपल्या राज्यानं २०१६ साली दोन कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं होतं, २०१९ साली तेहतीस कोटींचं. राज्याला मोठे आकडे लागत असतील, शाळेला लागत नाहीत. पाच झाडं जगली तरी दहा वर्षांत आवाराचं रूप पालटतं.

रूप पालटतं म्हणजे काय होतं, तेही सांगते. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात मार्चपासूनच दुपारी वर्गात बसवत नाही. वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी शाळांवर अजून पत्रेच आहेत. पत्रा तापला की खाली बसलेल्या पोराचं फळ्याकडे लक्ष लागणार कसं? झाड नुसतं ऊन अडवत नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवाटे वाफ होऊन बाहेर पडतं आणि वाफ होताना भोवतालची उष्णता घेऊन जातं. पत्र्याच्या मांडवाखाली आणि कडुनिंबाखाली उभं राहून बघा, दोन्ही सावल्यांतला फरक अंगाला कळतो. सगळ्यांत त्रासाचं ऊन दुपारनंतर पश्चिमेकडून येतं. म्हणून पहिली झाडं वर्गांच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला लावावीत. फाटकापासून ऑफिसपर्यंत उंच, निमुळत्या अशोकांची रांग लावायची पद्धत आहे. दिसायला ती छान दिसते, पण तिच्या सावलीत चार मुलंसुद्धा डबा खायला बसू शकत नाहीत. आधी सावलीची झाडं लावू, शोभेची मग बघू.

आणि सावलीत बसलं की शिकणंही वेगळं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा या बायकांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणत तिला. गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत आणि मोजायला हाताशी बिया नि खडे आहेत. शिकवण्याचं साहित्य विकतच आणावं लागतं असं नाही, ही त्यांची दृष्टी मला आजही फार मोलाची वाटते.

चिंचेचं एक झाड आवारात असलं तर पहिलीच्या मुलांना दहा-दहा चिंचोक्यांचे गट करायला देता येतात. दहावीच्या भूमितीत समरूपता असते. काठी उभी करायची, काठीची सावली मोजायची, झाडाची सावली मोजायची आणि वर न चढता झाडाची उंची काढायची. एकदा असं केलेलं मूल ते प्रमाण विसरत नाही. उंबराचं फळ फोडून दाखवा. फुलं कुठे आहेत, असं मुलं विचारतात. ती त्या फळाच्या पोटातच असतात आणि एक इवलासा कीटक आत शिरल्याशिवाय तिथे बी धरत नाही. आपला राज्यपक्षी हरियाल वडा-उंबराच्या फळांवर येतो. चित्रातला हरियाल आणि डोक्यावर बसून फळं खाणारा हरियाल यांत किती अंतर आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

आता कोणतं झाड लावायचं? आपल्या मातीतलं. देशावर कडुनिंब, चिंच, करंज; विदर्भात मोह, बेहडा; कोकणात बकुळ, उंडी; आणि बहुतेक ठिकाणी जांभूळ, आवळा, बहावा. ताम्हण तर आपलं राज्यपुष्प, तरी कितीतरी मुलांनी ते फक्त पुस्तकातच पाहिलेलं असतं. गुलमोहर मादागास्करहून आलेला. फुलला की डोळ्यांचं पारणं फिटतं, पण त्याचं लाकूड ठिसूळ आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. मुलं जिथे बसतात तिथे तो नको. वड, पिंपळ, उंबर लावावेत, जरूर लावावेत, पण मैदानाच्या टोकाला. भिंती, पाण्याची टाकी, शोषखड्डा यांच्यापासून चांगले लांब. विजेच्या तारांखाली कोणतंच मोठं झाड नको. खो-खो आणि कबड्डीची जागा मोकळी राहू द्या, झाडं कडेनं.

इथे एक गोष्ट थोडं थांबून सांगायची आहे, कारण ती जिवाशी आहे. शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला मोगली एरंड लावतात. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. मुलं त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी त्यांना दवाखान्यात न्यावं लागतं. आपल्याकडे अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. पिवळी कण्हेर तर त्याहून घातक, तिच्या बिया हृदयावर परिणाम करतात. ही दोन झाडं शाळेच्या आवारात असतील तर पावसाळ्याची वाट न बघता काढून टाका.

रोप कुणाच्या हाती द्यायचं, हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक शाळांत ते काम सातवीच्या किंवा दहावीच्या मुलांकडे जातं, कारण ती मोठी असतात, त्यांना कुदळ पेलते. पण तीच मुलं पुढच्या वर्षी शाळा सोडतात. झाडाची हौस असलेल्या बाईंची किंवा गुरुजींची बदली होते. मग रोपाला वाली उरत नाही. म्हणून खड्डा मोठ्यांनी खणावा आणि झाड पहिलीच्या वर्गाला द्यावं. रोपाला जपावं लागतं ती पहिली तीन वर्षं. पहिलीतलं मूल चौथीपर्यंत तरी त्याच शाळेत असतं. त्याची तीन वर्षं आणि झाडाची तीन वर्षं अगदी बरोबर जुळतात. दुसरीत गेलं की झाडही त्याच्याबरोबर दुसरीत जातं. दर वर्षी एकाच दिवशी खोडाला दोरी गुंडाळून घेर मोजावा आणि भिंतीवरच्या तक्त्यावर लिहावा. वर्गाचं झाड वाळलं तर तेही त्याच तक्त्यावर लिहावं. मुलांपासून ते लपवू नये.

खड्डे आत्ताच घ्यायचे आहेत. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. ते महिना-दीड महिना उन्हात तापू द्यावेत, म्हणजे मातीतली कीड आणि बुरशी कमी होते. पाऊस पडायच्या आधी वरची माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून भरावेत. एक-दोन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत ओली झाली की रोप लावावं. पिशवी ब्लेडनं कापून काढावी. घाईघाईत पिशवीसकट लावलेली रोपंही सापडतात, त्यांची मुळं आतल्या आत वेटोळी घालून बसतात आणि झाड वर्ष-दोन वर्षांत खुरटतं. शेजारी काठीचा आधार द्यावा, भोवती बोरी-बाभळीचे काटे रोवावेत. रोपं सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत मिळतात. त्यांच्याकडे आत्ताच मागणी नोंदवून ठेवलेली बरी.

पाण्याविषयी म्हणाल तर शाळेत पाणी असतं, ते वाहून जातं. पोषण आहारानंतर मुलं हात धुतात, ताटं विसळतात, ते पाणी एका चरानं झाडापर्यंत नेता येतं. साबणाचं मात्र वेगळं काढावं. मैदानात झाडून गोळा केलेला पाला पेटवून देतात, तो आळ्यात पसरावा, ओल टिकते. आणि सुट्टीसाठी जुना माठ: बुडाला बारीक भोक पाडायचं, त्यात कापडाची वात घालायची, माठ रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचा आणि तोंडावर झाकण ठेवायचं. पाणी मुळाशी हळूहळू झिरपत राहतं. तरीही आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन माठ भरायला हवाच.

हा कुणीतरी कोण, ते १ मेला ठरवता येईल. महाराष्ट्र दिनाला झेंडावंदनासाठी गाव शाळेत येतं, पुष्कळ शाळांत त्याच दिवशी निकालही लागतो, ग्रामसभाही असते. सुट्टीत गावातच राहणारी मुलं कोण, शाळेच्या शेजारी कुणाचं घर आहे, बोअरची किल्ली कुणाकडे राहील, हे तिथेच सगळ्यांसमोर बोलून घ्या. प्रत्येक झाडासमोर एका घराचं नाव आणि आठवड्याचे दोन वार, अशी यादी करून फाटकावर लावा. लहान मूल एकटं पाण्याला येणार नाही, सोबत आजी-आजोबा येतील, तेही यादीत असू द्या.

आणि जूनमध्ये शाळा भरेल तेव्हा जांभळं पिकलेली असतील, लिंबोळ्या पडत असतील. जांभूळ आणि कडुनिंब या दोन्हींचं बी फार दिवस टिकत नाही, ते ताजं असतानाच लावावं लागतं. मुलांना सांगा, जांभळं खा आणि बिया शाळेत आणा. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, खाली भोकं पाडून, माती नि शेणखत भरून त्यात त्या लावा. पुढच्या वर्षी लागणारी रोपं शाळेतच तयार होतील.

नमस्कार.