पेलाभर पाणी, लिटरभर पाणी

(दृश्य : आयर्विन पूल, पहाट. उन्हाळ्यातली, पात्रात खाली गेलेली कृष्णा.)

सांगलीत पाणी फुटात मोजतात. आयर्विन पुलापाशी 40 फूट झालं की इशारा, 45 झालं की धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्याही वर गेलं. तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात मी बाकी सगळं सोडलं आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट छातीशी धरून जिना चढलो. आई अजून ऐकवते. गव्हाचं पोतं खालीच राहिलं होतं.

आणि पुढच्याच वर्षी, त्याच कॅबिनेटमध्ये, मी पदरचे पैसे घालून पाणी आणून ठेवलं. वॉटर कूलिंग म्हणतात त्याला : मशीनचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, तो तापला की पंपाने फिरणारं पाणी त्याची उष्णता उचलतं आणि रेडिएटरच्या जाळीत, पंख्यांच्या वाऱ्यावर सोडून येतं.

(दृश्य : मार्केट यार्डामागची खोली. दोन मॉनिटर, एक्स्पोर्टची पट्टी सरकत नाही.)

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. खोली मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. मे महिना, लगीनसराई, तीन पार्ट्यांचे फोन. एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल काढणं. चाळीस मिनिटांत होणारं ते काम त्या दिवशी तीन तासांवर गेलं. प्रोसेसरचं तापमान शंभरला जाऊन चिकटलेलं. आजचे प्रोसेसर एवढ्यावर जळत नाहीत. ते आपणहून वेग कमी करतात आणि रखडत चालतात. रेडिएटरचे तिन्ही पंखे जिवाच्या आकांताने फिरत होते, पण त्यांच्यातून येणारा वारा गार होता.

दुरुस्तीवाल्या दादांनी ते ऐकलं आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "पंप गेला."

मग त्यांनी मला दोन्ही नळ्यांना हात लावायला सांगितला. एक नळी चटका बसेल इतकी गरम, दुसरी गार. दादा म्हणाले, "चालू सिस्टिममध्ये दोन्ही नळ्या सारख्याच कोमट लागतात. एवढा फरक पडला म्हणजे पाणी जागचं हलत नाही."

हे मला त्या दिवशी उलटंच वाटलं होतं. एका नळीतून गरम पाणी जातं, दुसरीतून गार होऊन येतं, अशीच आपली समजूत असते. पण हिशेब करून बघा. मिनिटाला एक लिटर पाणी फिरतंय आणि प्रोसेसर 200 वॉट उष्णता ओततोय, तर प्रोसेसरवरून जाताना ते पाणी तापतं जेमतेम तीन अंश. पाणी म्हणजे इथे मार्केट यार्डातला हमाल. प्रोसेसरपाशी पोतं उचलायचं, रेडिएटरपाशी टाकायचं, परत फिरायचं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं, म्हणून तर त्याला कामावर ठेवलंय.

(दृश्य : खिडकीत माठ. माठाच्या अंगावर ओल.)

लोक विचारतात, वॉटर कूलिंग आहे म्हणजे मशीन एकदम गार राहत असेल? तर नाही. माठातलं पाणी गार होतं, कारण माठ झिरपतो आणि बाहेरची ओल वाळताना उष्णता घेऊन जाते. खिडकीतल्या कूलरचंही तेच. आमचा माठ झिरपला तर मदरबोर्ड गेला. इथे पाणी बंदिस्त, बाष्पीभवनाचा संबंधच नाही. त्यामुळे खोली 38 अंशांवर असेल तर नळीतलं पाणी 38 च्या खाली जाणार नाही, तुम्ही कितीही महागातलं आणा. आमच्याकडे एप्रिल-मे असाच असतो.

(दृश्य : टेबलावर उघडलेला जुना एआयओ, जवळून.)

हा माझा जुना एआयओ. ऑल-इन-वन. पंप, प्रोसेसरवर बसणारी तांब्याची पट्टी, रबरी नळ्या, रेडिएटर, सगळं कारखान्यातच जोडून, पाणी भरून, सील करून येतं. आत पाणी जेमतेम पेलाभर. चार स्क्रू पिळायचे आणि विसरून जायचं. विसरून जायचं, हीच त्याची जाहिरात आणि हाच त्याचा दोष. कारण रबरी नळीतूनही पाण्याचे कण वर्षानुवर्षं बाहेर निसटतात. थेंब कुठे दिसत नाही, पण आतलं पाणी कमी होत जातं आणि त्याची जागा हवा घेते. एक दिवस मशीन चालू करताना पोटात गुडगुड ऐकू येते. मला चार महिने येत होती. मी आवाज ऐकायचो आणि हेडफोन लावायचो.

आता ही पट्टी बघा. हिच्या आतल्या बाजूला तांब्याच्या पातळ पाकळ्या आहेत, एका मिलिमीटरमध्ये कितीतरी. त्यांच्यामध्ये हा जो मळकट चिखल साचलाय, तो तिथून पाणी जाऊ देत नव्हता. आणि रेडिएटरच्या बाहेरून? हे पिवळं. ही हळद आहे. खाली दिवसभर हळदीची पोती हलतात, वारा वर येतो, आणि माझे पंखे ती धूळ पाच वर्षं इमानेइतबारे आत ओढत होते.

दादा म्हणाले, "हे काय दुरुस्त होत नाही. आता ठरव, दुसरा एआयओ आणतोस का सुटे भाग जोडून कस्टम लूप करतोस." आणि मग हळूच, "नाहीतर साधा, बिनपाण्याचा, दोन पंख्यांचा टॉवर कूलर घे की. त्यात बिघडण्यासारखं पंख्याशिवाय काय आहे?"

दादांचं चुकत नाही. मध्यम प्रोसेसर असेल, तर चांगला एअर कूलर दोन पंख्यांच्या एआयओच्या आसपास जाऊन बसतो, आणि सांगलीतल्या निम्म्या मशीनना तेवढं पुरे. माझा प्रोसेसर 253 वॉटपर्यंत जातो आणि एक्स्पोर्टच्या वेळी तासन्‌तास तिथेच राहतो. वर पत्र्याची खोली. म्हणून मी पाण्यावरच अडून बसलो.

(दृश्य : मिरज, सतारमेकर गल्ली. भोपळे, लाकडाचा भुसा, तारा जुळवणारा हात.)

कस्टम लूप बघायला मी मिरजेला गेलो. मित्र इमारतींची थ्रीडी चित्रं करतो. त्याच्या मशीनमध्ये दोन ग्राफिक कार्डं, एकेक 450 वॉटचं. आणि शेजारच्या घरात सतारीची जवारी लावण्याचं काम चालतं. पूर्वी त्याचं मशीन रेंडरला, म्हणजे चित्र तयार करायला, लागलं की पंख्यांचा आवाज भिंतीपलीकडे जायचा आणि शेजारचे काका काम थांबवून गच्चीत यायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते बघायचे.

मला वाटतं, या दोन प्रकारांतला खरा फरक इथे आहे. एआयओ फक्त प्रोसेसरची उष्णता नेतो. ग्राफिक कार्ड त्याच कॅबिनेटमध्ये आपल्या पंख्यांवर धापा टाकत राहतं, आणि आजकाल बऱ्याच मशीनमध्ये जास्त उष्णता तेच ओकतं. कस्टम लूपमध्ये प्रोसेसर, दोन्ही कार्डं, सगळं एका पाण्यावर. रेडिएटर हवे तेवढे लावा. रेडिएटर मोठे असले की पंखे सावकाश फिरले तरी चालतं. मित्राच्या खोलीत मी उभा होतो, रेंडर चालू होतं, आणि मला पलीकडची तार ऐकू येत होती. तापमानात दहा-पंधरा अंश मिळाले असतील, पण त्याने खर्च केला तो या शांततेसाठी.

खर्च मात्र विचारू नका. म्हणजे विचाराच. त्याच्या लूपच्या पैशात माझ्यासारखे चार-पाच एआयओ येतील. कार्डावर बसणारा ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरणारी पट्टी, त्याच मॉडेलचा लागतो. उद्या कार्ड बदललं की ब्लॉक भंगारात. बारीक फिटिंगच पंधरा-वीस, आणि सांध्यातली एक रबरी ओ-रिंग कमी पडली तर कुरिअरची वाट बघत बसायचं. त्याने एकदा हुशारी केली. या फिटिंगचे आटे म्हणजे पाव इंची बीएसपी, नळजोडणीचं एक ठरलेलं माप, हवेच्या कॉम्प्रेसरच्या लाइनला असतात तेच. कुपवाडच्या एमआयडीसीजवळून घेऊन आला. पण ती निघाली निमुळत्या आट्यांची, टेपर. पिळत गेली तशी ॲक्रिलिकच्या टाकीला चर्रकन तडा. सरळ आटे आणि खाली ओ-रिंग, असंच लागतं, हे त्याला त्या टाकीच्या किमतीत कळलं.

(दृश्य : हातपंप, काटा, टिश्यू पेपर. रात्र.)

पाणी भरायच्या आधी आत हवा भरतात. छोटा हातपंप, त्यावर काटा, अर्धा बार दाब. अर्धा तास काटा हलला नाही तरच पुढे. त्याचा पहिल्यांदा हलला. एका वळणावर ओ-रिंग चिमटली होती. ती बदलून पुन्हा हवा, पुन्हा काट्याकडे बघत बसणं. मग एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्याच्या, बाकी वायरी काढून मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तुकड्याने जोडायची, म्हणजे बाकी मशीनला वीज न जाता नुसता पंप फिरतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची घडी. टाकीत पाणी ओतत राहायचं, कारण पंप कोरडा फिरला तर गेला. कॅबिनेट डावीकडे कलवा, उजवीकडे कलवा, बुडबुडे वर येतात. रात्रभर तसंच चालू ठेवून पहाटे त्याने एकेक घडी गालाला लावून बघितली. बोटांपेक्षा गालाला ओल लवकर कळते, म्हणाला.

(दृश्य : तासगावकडची द्राक्षबाग. ठिबकच्या नळ्या, फिल्टर.)

हे सगळं मी मामांना सांगत होतो. मामांची तासगावच्या बाजूला बाग आहे. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध भावपट्टी बघण्यापुरता. पण ऐकता ऐकता ते हसायला लागले.

"आरं, हे तर ठिबक हाय."

आणि मग मामाच मला प्रश्न विचारू लागले. पाणी कुठलं घालता? मी म्हटलं, डिस्टिल्ड, त्यात गंज आणि शेवाळ धरू नये म्हणून औषध. बोअरचं चालत नाही, आरओचंही नाही, त्यातही क्षार राहतातच. "क्षार म्हंजे ड्रिपर बुजणार," मामा म्हणाले. बरोबर, ड्रिपरच्या जागी इथे तांब्याच्या पाकळ्या. धातू कुठले? मी म्हटलं, तांबं, पितळ, निकेलचा मुलामा. त्यात ॲल्युमिनियम मिसळायचं नाही, पाण्यात दोन्ही एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. एआयओत बहुधा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि पट्टी तांब्याची असते, तिथे कारखान्याने भरलेल्या औषधावर भिस्त. मामांनी मान हलवली. म्हणजे औषध संपलं की संपलं.

"आन्‌ मोटर कुठं बसवता? वर का खाली?"

हा प्रश्न मला दुकानात कुणी विचारला नव्हता. एआयओचा पंप सगळ्यात उंच जागी येता कामा नये. हवा वर जाऊन बसते. पंपच सगळ्यात वर असेल तर हवा त्याच्यातच शिरते. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावला की हवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात निवांत पडून राहते. किर्लोस्करवाडीचे पंप ज्या जिल्ह्यात 1910 पासूनच्या कारखान्यात घडतात, तिथल्या शेतकऱ्याला मोटरीने हवा धरणं म्हणजे काय हे मी काय सांगणार! माझा जुना रेडिएटर समोर, खाली लावलेला होता, आणि पंप त्याच्या वर.

मामांनी शेवटी विचारलं, "वर्षाला किती येळा सोडायचं पाणी?" मित्र साफ पाण्याला वर्षातून एकदा सोडतो. आधी त्याने निळं रंगीत पाणी घातलं होतं, दिसायला झकास, पण सहा-सात महिन्यांत त्याचा गाळ खाली बसला. मामा म्हणाले, खरड छाटणीला एकदा आणि ऑक्टोबर छाटणीला एकदा बघायचं, म्हणजे ध्यानात राहतं. "पर तुझ्यानं व्हनार न्हाई. तुझ्या गाडीचं ऑइल मी बदलून आनतो."

(दृश्य : परत तीच खोली. नवीन खोका उघडला जातो.)

माझ्याकडे एकच ग्राफिक कार्ड, 200 वॉटचं, ते आपल्या पंख्यांवर सुखी आहे. शेजारी सतारमेकर नाहीत, हळदीचे हमाल आहेत, त्यांचा आवाज माझ्या पंख्यांपेक्षा मोठा. आणि लगीनसराईत मशीन बंद पडलं, तर एआयओ तासाभरात बदलून होतो. लूपचं पाणी काढून, सांधा शोधून, पुन्हा भरून, रात्रभर टिश्यूवर ठेवून दोन दिवस जातात. तेवढ्यात वरात घरी पोचते.

नवा एआयओ घेतला, 360 चा, म्हणजे 360 मिलिमीटरच्या, तीन पंख्यांच्या रेडिएटरचा. या वेळी रेडिएटर छताला. समोर जाळीचा फिल्टर, दर रविवारी काढून झटकायचा. पहिल्याच रविवारी बोटं पिवळी झाली.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी मार्करने आजची तारीख लिहिली, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहितात तशी. मामा मागे उभे होते. बागेच्या फाटकावर प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख ते स्वतः खडूने लिहितात.

"बसवल्याली लिहिलीस," ते म्हणाले. "काढायची?"

मी पाच वर्षं मोजली आणि खाली दुसरी तारीख लिहिली.